एमबीबीएस करताना संध्याकाळी क्लासमध्ये शिकवण्याचे काम धरावे का?

माणदेशी (प्रश्न):
नमस्कार. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी अडीच एकर कोरडवाहू शेती असून धाकट्या बहिणीचेही शिक्षण चालू आहे, त्यामुळे मेस आणि पुस्तकांसाठी दर महिन्याला वडिलांकडे पैसे मागणे जिवावर येते. शहरातील नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या एका क्लासने आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी सहा ते नऊ, जीवशास्त्राच्या शंका सोडवण्याचे काम देऊ केले आहे आणि त्या पगारात मेसचे बिल सहज भागेल. शिवाय एक सीनियर सांगतात की तिसऱ्या वर्षापासून नर्सिंग होममध्ये रात्रपाळी मिळते व तिचे पैसे अधिक असतात. काम आताच धरावे, दुसऱ्या वर्षापर्यंत थांबावे, की हा विचारच सोडून द्यावा?

वॉर्ड नंबर नऊ:
मी मेडिसीन विभागात निवासी डॉक्टर आहे. रात्रपाळीचा विषय आधी निकालात काढू. नोंदणी नसताना रुग्ण तपासणे आणि औषध लिहून देणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार गुन्हा असून त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इंटर्नला मिळणारी तात्पुरती नोंदणीसुद्धा इंटर्नशिपच्या कामापुरतीच असते. रात्री दोन वाजता छातीत दुखणारा रुग्ण आला आणि काही बरेवाईट झाले, तर ‘आम्ही याला केवळ देखरेखीसाठी ठेवले होते’ असे म्हणून मालक मोकळे होतात. सीनियरांना हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

क्लासचे काम कायदेशीर आहे, परंतु त्याची खरी किंमत दुसऱ्या वर्षापासून मोजावी लागते. सकाळच्या पोस्टिंगमध्ये, म्हणजे वॉर्डातील प्रशिक्षणात, एका खाटेभोवती पंधरा विद्यार्थी उभे असतात आणि रुग्णाच्या पोटातली प्लीहा तपासताना प्रत्यक्ष हाताला लागते ती दोघांच्या. संध्याकाळी राउंड आटोपल्यावर वॉर्ड निवांत असतो, रुग्ण व नातेवाईक मोकळेपणाने बोलतात आणि निवासी डॉक्टरला दहा मिनिटांची उसंत असेल तर तो तुमचा हात धरून पुन्हा तपासायला लावतो. तुमचा क्लास नेमक्या याच वेळेत आहे. पुस्तकातले रात्री जागून भरून काढता येते, वॉर्डातले तसे येत नाही.

फार्मात पास:
वरील मताशी मी निम्माच सहमत आहे, कारण पैशाची चणचण असलेला विद्यार्थी संध्याकाळी वॉर्डात उभा असला तरी त्याचे अर्धे लक्ष मेसच्या थकबाकीकडे असते. मी दुसऱ्या वर्षी क्लासमध्ये शिकवले आणि त्यामुळे माझे काही बिघडले नाही. मात्र पहिल्या वर्षी मी त्या वाटेला गेलो नव्हतो. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तिन्ही विषय सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि पुरवणी परीक्षेतही विषय राहिला तर मागच्या बॅचबरोबर बसावे लागते. असे एक वर्ष गेले तर क्लासची सगळी कमाई त्यात वाहून जाते, हा हिशेब घरी समजावून सांगायलाही सोपा आहे.

दुसरे म्हणजे, नीट मे महिन्यात असते, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये क्लासवाले ‘फक्त आजच्या दिवस’ म्हणत रोज बोलावतात. थिअरीला ७५ आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के हजेरी लागते. नऊला सुटून वसतिगृहावर जेवायला दहा वाजले की सकाळच्या लेक्चरची हजेरी सर्वांत आधी घसरते. तास वाढणार नाहीत, हे सुरुवातीलाच लेखी ठरवून घ्यावे.

खिडकी क्रमांक दोन:
मी अनेक वर्षे एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीचे टेबल सांभाळले. नोकरी धरण्यापूर्वी महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे सर्व अर्ज भरून झाले आहेत का, हे कृपया सांगा. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून शुल्कात सवलत मिळते. डॉ. पंजाबराव देशमुख योजनेचा वसतिगृह निर्वाह भत्ता वेगळा असून तो अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या पाल्यांना मिळू शकतो. अडीच एकरवाले त्यात बसतात. मुले शुल्काचा अर्ज भरतात आणि भत्त्याचा विसरतात, हे मी दरवर्षी पाहिले. अर्जाचे नूतनीकरणही दरवर्षी करावे लागते. पैसे उशिरा येतात ही तक्रार रास्त आहे, म्हणून वर्षभराच्या मेसचा भरवसा केवळ त्यावर ठेवू नये. मधला काळ निभावण्यासाठी शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर सुरू होतात.

बहीण पुढे व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली, तर २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना याच उत्पन्न मर्यादेत असलेली शिक्षण शुल्काची पूर्ण सवलत तिलाही पाहता येईल.

माणदेशी:
सर्वांचे आभार. शुल्काचा अर्ज भरला होता, पण निर्वाह भत्त्याचे खरोखरच माहीत नव्हते. अल्पभूधारक दाखल्यासाठी वडिलांना उद्याच तलाठी कार्यालयात जायला सांगतो. रात्रपाळीचा विचार सोडला. क्लासला पहिले वर्ष संपेपर्यंत थांबण्याची विनंती करणार आहे, परंतु ते थांबतील असे वाटत नाही.

फार्मात पास:
थांबले नाहीत तर सराव परीक्षांचे प्रश्न काढण्याचे आणि उत्तरांची स्पष्टीकरणे लिहिण्याचे काम मागून पाहा. ते वसतिगृहात बसून रविवारी करता येते, आणि आमच्या क्लासमध्ये त्यासाठी नेहमीच माणूस कमी पडत असे. मोबदला महिन्यावर न घेता प्रश्नामागे ठरवा, म्हणजे परीक्षेच्या महिन्यात काम बंद ठेवता येईल.