बार असलेल्या दीर्घिका अपवाद नाहीत

कुणीतरी लिहिलंय की मधे बार (केंद्रातून जाणारा ताऱ्यांचा लांबट पट्टा) असलेल्या दीर्घिका, म्हणजे गॅलक्सी, अपवादानेच सापडतात, ते अजिबात पटलं नाही. आपली आकाशगंगाच बारवाली आहे की! आसपासच्या तबकडीसारख्या दीर्घिका साध्या प्रकाशात बघितल्या तर ठळक बार साधारण तीनातल्या एकीत दिसतो, पण अंधुक बारही धरले आणि इन्फ्रारेडमधे बघितलं तर आकडा दोन तृतीयांशाच्या आसपास जातो, कारण धूळ दृश्य प्रकाश अडवते आणि बारमधे बहुतेक जुने तारे, ते इन्फ्रारेडमधे छान उठून दिसतात. एनजीसी १०६८ या दीर्घिकेचा बार असाच इन्फ्रारेडमधे सापडला.

२०११ ला गॅलक्सी झू (सामान्य लोकांकडून दीर्घिकांचं वर्गीकरण करून घेणारा प्रकल्प) वाल्यांनी १३,००० हून जास्त दीर्घिका तपासल्या, लोकांनी डोळ्यांनी बघून वर्गीकरण केलेल्या, त्यात २९ टक्क्यांच्या आसपास बार निघाले. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की निळ्यांपेक्षा (जिथे नवे तारे भरपूर बनतात) लालसर दीर्घिकांमधे (जिथे ते कमी बनतात) बारचं प्रमाण बरंच जास्त निघालं. बार गॅस केंद्राकडे ढकलतो, त्यामुळे बाहेरच्या भागात नवे तारे बनणं मंदावत असेल असा एक अंदाज आहे, किंवा उलट, गॅस कमी असला की बार सहज बनतो आणि टिकतो. मला दुसरं जास्त पटतं.