शब्दचर्चा : अंदाजपत्रक, अर्थसंकल्प, तरतूद, अनुदान : तालुका कोर्टाच्या निवेदनात कुठला शब्द कुठं?

विचारणा

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या वकील मंडळींनी एक निवेदन द्यायचं ठरवलंय. कोर्टाला आणखी एक न्यायदालन हवं, रेकॉर्ड रूम हवी आणि समन्स बजावणारी माणसं वाढवून हवीत. निवेदन कन्नडमध्ये जाईल, पण निम्मे सभासद मराठी बोलणारे, म्हणून मसुदा आधी मराठीत करतोय. त्यातलं एक वाक्य असं: "येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात आमच्या न्यायालयासाठी निधी मंजूर करावा." एकजण म्हणाले 'अर्थसंकल्पात' लिहा. दुसरे म्हणाले 'तरतूद' शब्द आलाच पाहिजे. तिसरे 'अनुदान' म्हणतात. कन्नड मसुदा करणारे मित्र 'आयव्यय' लिहितात आणि पेपरात 'मुंगडपत्र' छापून येतं. हे सगळे एकच आहेत की वेगळे?

बेळगावहून, निवृत्त शिरस्तेदार

वेगळे आहेत, आणि फरक कळला तर निवेदन कुणाच्या टेबलावर जायला हवं हेही कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंदाजपत्रक खालून वर जातं. तालुक्याचं कोर्ट आपला अंदाज काढून जिल्हा न्यायालयाला पाठवतं, तिथं सगळ्या तालुक्यांची बेरीज होऊन ती उच्च न्यायालयाकडं जाते, तिथून सरकारच्या कायदा आणि वित्त खात्याकडं. त्या तक्त्यात प्रत्येक बाबीपुढं रकाने असतात : मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. नाझर (कोर्टाचा पैसा आणि समन्स बजावणी सांभाळणारा) आणि शिरस्तेदार (कचेरीचा मुख्य कारकून) बसून हे भरतात. याला अर्थसंकल्प म्हणत नाहीत, कारण यात संकल्प करायचा अधिकारच नसतो.

अर्थसंकल्प वरून खाली येतो. सरकार विधिमंडळापुढं मांडतं तो अर्थसंकल्प. संविधानाच्या मराठी पाठात मात्र हा शब्द नाही. तिथं अनुच्छेद ११२ मध्ये केंद्रासाठी आणि २०२ मध्ये राज्यासाठी 'वार्षिक वित्तीय विवरणपत्र' असं आहे.

तरतूद म्हणजे त्या अर्थसंकल्पात एखाद्या लेखाशीर्षापुढं (म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या खात्यापुढं) लिहिलेली रक्कम. रोजच्या बोलण्यात आपण लग्नाची तरतूद म्हणतो तेव्हा पैसे जमवलेलेच असतात. सरकारी तरतूद तशी नसते. ती खर्च करायची मुभा असते, पैसे अजून ट्रेझरीतच असतात.

अनुदानाला दोन अर्थ आहेत. विधानसभा खात्याची मागणी मतानं मान्य करते ते अनुदान. आणि कचेरीत "अनुदान आलं" म्हणतात तेव्हा तरतुदीपैकी जेवढी रक्कम प्रत्यक्ष खर्चायला सोडली तेवढीच. 'निधी' हा सगळ्यात सैल शब्द. "निधी मंजूर" असं पेपरात वाचलं की यातली नेमकी कुठली पायरी झाली ते विचारावंच लागतं.

निपाणीहून, शिक्षक

काका, एक शंका. आमची नगरपालिका वर्षभराच्या जमाखर्चालाच अंदाजपत्रक म्हणते. आणि शाळेची खोली बांधायची म्हटली की इंजिनिअर जे कागद देतो त्यालाही अंदाजपत्रकच. मग वकीलसाहेबांच्या वाक्यात कुठलं समजायचं?

बेळगावहून, निवृत्त शिरस्तेदार

सर, नेमकं बोट ठेवलंत. या निवेदनाची खरी अडचण हीच आहे.

न्यायदालन आणि रेकॉर्ड रूम ही बांधकामं. त्यांना पीडब्ल्यूडीचं, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याचं, अंदाजपत्रक लागतं : चौरस फूट किती, दर काय, वीज-पाण्याचं काय. त्याला आधी प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मंजुरी. हा भांडवली खर्च, म्हणजे टिकाऊ मालमत्ता उभी करणारा. समन्स बजावणारी माणसं, त्यांचा प्रवासभत्ता, स्टेशनरी, टपाल हा सगळा महसुली, म्हणजे रोजच्या कामकाजाचा खर्च, आणि तो कोर्टाच्या वार्षिक अंदाजपत्रकात जातो. कोर्टांच्या चालू खर्चाचं मुख्य लेखाशीर्ष २०१४, न्यायदान (हे साल नव्हे, शीर्षाचा क्रमांक आहे). सरकारी इमारतींचा भांडवली खर्च ४०५९ खाली पडतो. एकाच वाक्यात दोन्ही मागण्या घातल्या आणि वर 'अंदाजपत्रक' एवढंच लिहिलं, तर बांधकामाचा टेबल म्हणेल हे जिल्हा न्यायालयाचं काम, आणि जिल्हा न्यायालयाचा टेबल म्हणेल आधी पीडब्ल्यूडीचे कागद आणा.

म्हणून बांधकामासाठी 'कामाचं अंदाजपत्रक' आणि बाकीच्यासाठी 'वार्षिक अंदाजपत्रक' असं फोडून लिहा.

कोल्हापूरहून, लेखा शाखेत काम करतो

महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पीय पुस्तकांत प्रत्येक रकमेपुढं 'दत्तमत' किंवा 'भारित' असं लिहिलेलं असतं. दत्तमत म्हणजे सभागृहानं मत देऊन मान्य केलेला खर्च. भारित म्हणजे थेट एकत्रित निधीवर (सरकारच्या मुख्य तिजोरीवर) टाकलेला, ज्यावर मतदान होत नाही. कोर्टांचा खर्च भारितच असतो ना? मग वकील मंडळींनी आमदारांकडं जाऊन उपयोग काय?

बेळगावहून, निवृत्त शिरस्तेदार

हा समज फार पसरलेला आहे, म्हणून नीट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद १४६ प्रमाणं भारताच्या एकत्रित निधीवर भारित. उच्च न्यायालयाचा अनुच्छेद २२९ प्रमाणं राज्याच्या एकत्रित निधीवर भारित. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन राज्याच्या निधीवर आणि निवृत्तिवेतन भारताच्या निधीवर. भारित खर्चावर मतदान होत नाही, चर्चा मात्र होऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा खर्च यात बसत नाही. तो दत्तमत. दर वर्षी मागणी, दर वर्षी मत. ज्या कोर्टात सामान्य माणूस पहिल्यांदा पाय ठेवतो, त्याच्याच पैशाला संविधानाचं हे कवच नाही. मला हे नेहमी खुपत आलंय. तेव्हा आमदारांकडं जाण्यात अर्थ आहे. बेळगावला सुवर्णसौधमध्ये (इथल्या विधानभवनात) कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं तेव्हा पुरवणी मागण्या येण्याची शक्यता असते. ती वेळ साधा.

विचारणा करणारे

खूप मदत झाली काका. 'पुरवणी' आणि 'सुधारित' यात काय फरक? आणि कन्नड शब्दांचं राहिलं.

बेळगावहून, निवृत्त शिरस्तेदार

सुधारित अंदाज म्हणजे वर्षाच्या मध्यावर आपणच काढलेला नवा हिशेब. त्यानं एक पैसाही जास्त मिळत नाही, जास्त लागणार आहे एवढंच वर कळतं. पुरवणी मागणी म्हणजे त्या जास्तीच्या पैशासाठी सभागृहाचं पुन्हा मत. आणि पुनर्विनियोजन म्हणजे एकाच मागणीतल्या एका शीर्षाची शिल्लक दुसऱ्या शीर्षाला देणं. भारितमधून दत्तमतमध्ये तसं करता येत नाही.

कन्नडचं असं. 'आयव्यय' म्हणजे जमाखर्च, सरकारी कागदात अर्थसंकल्पाला हाच शब्द. 'मुंगड' म्हणजे आगाऊ, त्यावरून मुंगडपत्र. अर्थ तोच, पेपरात आणि बोलण्यात जास्त. दोन्हींना मराठीत अर्थसंकल्प. 'अंदाजु' म्हणजे आपला अंदाज, दोन्ही भाषांनी फारसीतून घेतलेला. (जुन्या मराठी दप्तरांत याच अर्थानं 'अजमास' सापडतो.) 'बेडिके' म्हणजे मागणी. फसवणारा शब्द एकच : 'धनविनियोग'. विधेयकाच्या नावात तो येतो आणि आपण 'विनियोग' म्हणजे वापर असं समजून "खर्च झालेल्या पैशाचं विधेयक" असं भाषांतर करून बसतो. मराठीत ते विनियोजन विधेयक, म्हणजे निधीतून पैसे काढायला सभागृहानं दिलेली परवानगी. झालेल्या खर्चाचा दाखला वेगळा, ते उपयोगिता प्रमाणपत्र.

आता जे मनापासून सांगायचंय ते. शब्द बरोबर लिहिला तरी त्यातला 'अंदाज' खरा हवा. वर्षानुवर्षं चाललेली रीत अशी : मागच्या वर्षाचा खर्च घ्यायचा, त्यावर पाच-दहा टक्के चढवायचे आणि रकाना भरायचा. याला मी अंदाज म्हणत नाही. मागच्या वर्षी पैसे कमी मिळाले म्हणून खर्च कमी झाला, आणि खर्च कमी झाला म्हणून पुढच्या वर्षी पैसे कमी. गरज त्या कागदावर येतच नाही.

समन्स बजावणीचंच घ्या. खानापूर तालुक्यातली कणकुंबी, जांबोटीकडची गावं डोळ्यासमोर आणा. घाटमाथा, जंगल, मुसळधार पाऊस. माणूस गेला, पक्षकार सापडला नाही, परत जावं लागलं. समजा वर्षाला बाराशे समन्स त्या बाजूला जातात, त्यातली तिसरा हिस्सा दुसऱ्या फेरीत बजावली जातात. म्हणजे सोळाशे फेऱ्या. एका फेरीचा भत्ता गुणिले सोळाशे, हा झाला अंदाज. शिवाय एक माणूस महिन्याला किती फेऱ्या मारू शकतो त्यावरून माणसं किती लागतील तेही निघतं. मागच्या वर्षीचा आकडा फक्त पडताळायला ठेवायचा.

आपल्या भागाची आणखी एक बाब कुठल्याच छापील नमुन्यात नसते. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता. जमिनीच्या दाव्यांत त्या काळची मराठी खतं येतात, कधी मोडीतले दस्त येतात, आणि कोर्टाचं काम कन्नड-इंग्रजीत. भाषांतरकाराचं पद भरलेलं आहे का, मोडी वाचणारं कुणी उपलब्ध आहे का, यावर दाव्याच्या तारखा अवलंबून असतात. हे अंदाजपत्रकात आपण लिहिलं नाही, तर बंगळूरला बसलेल्या माणसाला ते सुचायचं कारण नाही.

निपाणीहून, शिक्षक

पण काका, वरून पैसे आले तरी परत जातात असंही ऐकतो. त्याला काय म्हणायचं?

बेळगावहून, निवृत्त शिरस्तेदार

वर्ष संपायच्या आत कचेरीनं आपणहून "लागणार नाहीत" म्हणून कळवले तर निधी समर्पित केला. ३१ मार्चपर्यंत खर्चही नाही आणि कळवलंही नाही, तर तरतूद व्यपगत झाली. बोलताना दोन्हीला "पैसे परत गेले" म्हणतो, पण समर्पित केलेले पैसे त्याच वर्षात दुसऱ्या कुणाच्या कामी येऊ शकतात, व्यपगत झालेले येत नाहीत.

मोठ्या प्रमाणावरही हेच घडलंय. तेराव्या वित्त आयोगानं २०१० ते २०१५ या काळात न्यायदान सुधारण्यासाठी ५,००० कोटी रुपये सुचवले होते. सकाळ-संध्याकाळची न्यायालयं, लोकअदालती, न्यायालय व्यवस्थापकांची पदं अशा बाबी त्यात होत्या. त्यातला मोठा हिस्सा खर्चच झाला नाही. पैसा आधी आणि नियोजन मागून, असं झालं की हेच होतं. संध्याकाळच्या कोर्टाला न्यायाधीश, कारकून, वकील, पोलीस सगळेच लागतात, आणि त्यांच्या वेळा कुणी आधी जुळवल्या नव्हत्या.

कोर्टांच्या इमारतींसाठी १९९३-९४ पासून केंद्राची योजना आहे. कर्नाटकासारख्या राज्यांत सध्या केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० अशी वाटणी. वकीलसाहेब, तुमच्या न्यायदालनाला हा रस्ता खुला आहे, पण राज्याच्या ४० टक्क्यांची तरतूद दिसली पाहिजे.

कोल्हापूरहून, लेखा शाखेत काम करतो

यात एक भर घालतो. खर्चाचा अंदाज फक्त कोर्टानंच काढायचा का? नवा कायदा करणाऱ्यानं काढायला नको? चेक न वटण्याचा गुन्हा १९८९ पासून परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या) कलम १३८ खाली आला आणि दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टांत त्या केसेसचे ढीग लागले. त्यासाठी किती कोर्टं वाढवावी लागतील हे कायदा करताना कुणी मोजलं नाही. पुढं सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेवरून न्या. जगन्नाथ राव यांची समिती बसली. तिनं २००८ साली सुचवलं की विधेयकाबरोबरच त्यातून येणाऱ्या केसेसचा आणि कोर्टांच्या खर्चाचा हिशेब जोडावा. याला मराठीत 'न्यायिक परिणाम मूल्यांकन' म्हणतात. चांगला शब्द सुचला तर सांगा, मला हा जड वाटतो.

बेळगावहून, निवृत्त शिरस्तेदार

'कोर्टांवरील भाराचा अंदाज' म्हणा. कचेरीत कुणालाही कळेल.

वकीलसाहेब, तुमचं वाक्य मी असं लिहीन :

"(१) अतिरिक्त न्यायदालन व रेकॉर्ड रूम यांच्या कामाचे अंदाजपत्रक तयार करून प्रशासकीय मान्यता द्यावी व राज्याच्या हिश्श्याची तरतूद येत्या अर्थसंकल्पात करावी. (२) समन्स बजावणी व भाषांतर या बाबींचा प्रत्यक्ष कामावर आधारलेला अंदाज न्यायालयाच्या वार्षिक अंदाजपत्रकात समाविष्ट करून पुढे पाठवावा. (३) चालू वर्षात रक्कम अपुरी पडत असल्यास पुरवणी मागणी करावी."

पहिलं आणि तिसरं सरकारकडं, प्रत जिल्हा न्यायालयाला. दुसरं जिल्हा न्यायालयाकडं, तेही पावसाळा संपायच्या सुमारास. फेब्रुवारीत निवेदन देऊन उपयोग नाही, तोवर आकडे बंगळूरला पोचलेले असतात. सोबत तीन वर्षांचे दाखल, निकाली आणि प्रलंबित केसेसचे आकडे जोडा. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड या कोर्टांच्या केसेसची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर प्रलंबित केसेसचा तपशील कोर्टनिहाय मिळतो, बाकीचं तुमच्या कोर्टाच्या मासिक तक्त्यांतून निघेल.

विचारणा करणारे

रविवारच्या बैठकीत हाच मसुदा ठेवतो. कन्नडमध्ये 'कामाचं अंदाजपत्रक' आणि 'वार्षिक अंदाजपत्रक' यांना वेगवेगळे शब्द हवेत. कुणाला पीडब्ल्यूडीच्या कागदावरचा नेमका कन्नड शब्द माहीत असेल तर इथंच लिहा.