ओकलंडचा बेसबॉल: स्टेडियमचा पैसा, ढोल आणि राष्ट्रगीत

नवखा_फलंदाज

मंडळी, क्रिकेट चांगलं कळतं, बेसबॉल जेमतेम. प्रश्न कॅलिफोर्नियातल्या ओकलंडबद्दल आहे. तिथले पुरोगामी विचारांचे लोक बेसबॉलवर बोलायला लागले की पाच मिनिटांत गाडी कर, युनियन आणि गाण्यांवर येते. जणू हे सगळे एकाच विषयाचे धडे! ‘एज’ म्हणजे ओकलंड ॲथलेटिक्स हा संघ २०२४च्या हंगामानंतर शहर सोडून गेला, इथवर माहीत आहे. पुढचं समजावून सांगा:

१) खेळावर एवढा जीव, तर नव्या स्टेडियमला सरकारी पैसा द्यायला विरोध का? थोडे पैसे दिले असते तर संघ राहिला नसता का?

२) सामन्याला न जाणं हा बहिष्कार झाला. पण मुद्दाम गर्दी करून निषेध, हा काय प्रकार?

३) ढोल, ऑर्गन, राष्ट्रगीत यांत राजकारण कुठून शिरलं?

रोखठोक

पहिल्या प्रश्नातच एक गृहीतक दडलंय. ओकलंडने पैसे दिले नाहीत असं नाही. आधी एकदा देऊन हात पोळून घेतले होते. रेडर्स हा अमेरिकन फुटबॉलचा संघ लॉस एंजेलिसहून १९९५ मध्ये परत आला, त्यासाठी शहराने आणि अलामेडा काउंटीने रोखे काढून कोलिझियम, म्हणजे एजही जिथे खेळत ते स्टेडियम, वाढवलं. हिशेब असा, की चाहते ‘सीट लायसन्स’ म्हणजे तिकीट घेण्याचा नुसता हक्क आगाऊ विकत घेतील आणि त्यातून कर्ज फिटेल. लायसन्स खपली नाहीत, बोजा करदात्यांवर आला. रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगासला गेले, कर्ज मागे राहिलं. वर त्या विस्तारात आउटफील्डमागे काँक्रीटची जी भिंत उभी राहिली तिने बेसबॉल बघताना दिसणाऱ्या टेकड्या झाकल्या. रेडर्सच्या मालकाच्या नावावरून लोक तिला ‘माउंट डेव्हिस’ म्हणतात, अर्थात कौतुकाने नव्हे.

आता गणित. एका संघाचे घरच्या मैदानावर नियमित हंगामात ८१ सामने होतात. उरलेले दिवस स्टेडियम बहुतेक रिकामं, आणि कामगार हंगामी. सामन्यावर खर्च झालेला पैसा बहुतांशी त्याच गावातल्या सिनेमातून, खाणावळीतून वळलेला असतो, नवा आलेला नसतो. शिवाय त्यातला मोठा वाटा खेळाडूंच्या पगारात जातो आणि खेळाडू हंगाम संपला की आपापल्या राज्यात. म्हणून ‘स्टेडियममुळे शहराची भरभराट होते’ या दाव्यावर अर्थतज्ज्ञ, डावे असोत की उजवे, सहसा विश्वास ठेवत नाहीत.

यात कायद्याची एक गंमतही आहे. १९८६च्या करसुधारणेत स्टेडियमसाठी करमुक्त रोखे काढण्याला आळा घालायचा होता. नियम केला, की इमारतीचा १० टक्क्यांहून जास्त वापर खासगी असेल आणि कर्जफेडीचा १० टक्क्यांहून जास्त भागही खासगी धंद्याकडून येत असेल, तर करमुक्ती नाही. स्टेडियम संघच वापरणार, त्यामुळे पहिली अट मोडतेच. मग करमुक्ती टिकवायला दुसरी पाळायची, म्हणजे संघाकडून भाडं कमी घ्यायचं आणि हप्ते हॉटेल-कर, विक्रीकर यांतून फेडायचे. ज्यांना चाप लावायचा होता त्यांनाच स्वस्त भाड्याचं निमित्त मिळालं.

कुठल्याही स्टेडियमचा प्रस्ताव समोर आला की एकूण आकड्याकडे दुर्लक्ष करा आणि करारातली पाच-सहा कलमं शोधा. खर्च वाढला तर जादा पैसा कोण भरणार? जागेवर मालमत्ता कर लागणार का? (जमीन सरकारच्या नावावर ठेवली की तो बहुधा सुटतो.) स्टेडियमला नाव देण्याचे, पार्किंगचे आणि संगीत कार्यक्रमांचे पैसे कोणाला? मोठी दुरुस्ती कोणाच्या खिशातून? आणि सर्वांत महत्त्वाचं: संघ न हलवण्याचा करार कर्ज फिटेपर्यंत टिकतो का, की त्याआधीच संपतो? करार ३० वर्षांचा आणि कर्ज ४० वर्षांचं असेल तर शेवटची दहा वर्षं गळ्यात फक्त हप्ते.

ओकलंडमध्ये बंदरालगत हॉवर्ड टर्मिनलवर स्टेडियम, घरं, दुकानं असा प्रचंड प्रकल्प ठरत होता. जुलै २०२१ मध्ये नगर परिषदेने अटींचा मसुदा मंजूरही केला. घोडं अडलं ते मुख्यतः आजूबाजूचे रस्ते, पूल, रेल्वेमार्गावरची सुरक्षा यांचा खर्च कोणी करायचा यावर. त्यातच जून २०२३ मध्ये नेवाडा राज्याने, एजला लास व्हेगासला आणण्यासाठी, ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी मदतीचा कायदा केला. त्यात १८ कोटींपर्यंत हस्तांतरणीय कर-सवलती, म्हणजे ज्या दुसऱ्या कंपनीला विकून रोकड करता येते. बाकीचा मोठा भाग काउंटीच्या रोख्यांतून. नोव्हेंबरमध्ये सगळ्या ३० संघमालकांनी स्थलांतराला एकमताने होकार दिला. तेव्हा ‘थोडे पैसे दिले असते तर’ हे गणित एवढं सोपं नाही. लिलावात समोरचा बोली वाढवत असतो.

नकार देऊनही संघ राहतो, हे पलीकडच्या काठावर दिसतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या जायंट्स संघाच्या स्टेडियमसाठी १९८७ ते १९९२ या काळात बे एरियातल्या, म्हणजे त्या खाडीभोवतालच्या, मतदारांनी चार वेळा नाही म्हटलं. शेवटी १९९६ मध्ये प्रामुख्याने खासगी पैशाचा प्रस्ताव आला, तो मंजूर झाला आणि २००० साली मैदान उभं राहिलं. संघ कुठेही गेला नाही.

उजवी_गॅलरी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. साधा बहिष्कार एजच्या बाबतीत मालकाच्याच पथ्यावर पडत होता. तिकिटं महाग, चांगले खेळाडू विकलेले, म्हणून स्टँड ओस. आणि मग तेच रिकामे स्टँड दाखवून ‘या शहराला बेसबॉल नकोय’ म्हणायचं. हा युक्तिवाद मोडायला १३ जून २०२३ला उलटा बहिष्कार झाला. दिवस मंगळवार, समोर टँपा बे, संघ गुणतक्त्यात तळाशी, तरीही २७,७५९ प्रेक्षक! हिरव्या शर्टांवर एकच शब्द, ‘सेल’, म्हणजे संघ विका. पाचव्या इनिंगमध्ये पहिला फलंदाज खेळेपर्यंत सगळे शांत उभे, आणि मग एका सुरात ‘सेल द टीम’.

असं आंदोलन करायचं तर मागणी दोन-तीन शब्दांत बसली पाहिजे आणि टीव्हीवरून कापता येऊ नये. घोषणा बाहेर पार्किंगमध्ये दिली तर कॅमेरा फिरवला की संपली. चालू खेळात, शांततेनंतर दिली तर समालोचकाला त्यावर बोलावंच लागतं. एक फट मात्र राहते. तिकिटांचा पैसा शेवटी मालकाकडेच जातो, त्यामुळे असा प्रयोग एकदाच जोरात करायचा असतो. दर आठवड्याला केला की तो नुसता धंदा होतो.

नेवाडातल्या शिक्षकांच्या एका संघटनेने ‘आधी शाळा, मग स्टेडियम’ म्हणत सरकारी पैशाविरुद्ध मोहीम चालवली, हेही याला जोडून पाहा. ओकलंडचा चाहता आणि नेवाडाचा शिक्षक एका बाजूला उभे राहिले, ते खेळामुळे नाही, अंदाजपत्रकामुळे.

टिपरीवाला

तिसरा प्रश्न माझ्या गल्लीतला. कोलिझियमच्या बाकांवरचे ढोल चाहत्यांनी आणलेले, संघाने भाड्याने बोलावलेले नव्हेत. मुख्य बोल अगदी साधा: ‘लेट्स गो, ओकलंड’ चार मात्रांत, मग चार मात्रांत पाच ठोके, दोन लांब, दोन जलद, एक लांब. आठ मात्रांचं एक आवर्तन. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ते चार सेकंदांत संपतं.

ही चार सेकंदं का मोजायची? २०२३ पासून मोठ्या लीगमध्ये पिच क्लॉक आलं. बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यांवर, कोणी धावपटू नसेल तर पिचरला, म्हणजे गोलंदाजाला, १५ सेकंदांत चेंडू टाकावा लागतो. कोणी असेल तर तेव्हा २० सेकंद होते, २०२४ पासून १८. म्हणजे बेस रिकामे असताना तीन आवर्तनं बसतात. चौथं सुरू केलं की ते हमखास चेंडूवर तुटतं. लय हळूहळू चढवत नेणारे नवखे इथेच फसतात. बाकांवर तीनशे माणसं टाळ्या वाजवत असतील तर ढोलाने ठेका धरून ठेवायचा, पळायचं नाही. लांबच्या बाकांपर्यंत आवाज उशिरा पोचतो आणि टाळ्या आधीच मागे पडलेल्या असतात. आपल्या पथकात ताशा पळाला की ढोलांचं जे होतं तेच.

आता राष्ट्रगीत. बेसबॉलशी त्याची गाठ पक्की झाली ती १९१८च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, शिकागोत, महायुद्ध चालू असताना. तेही सामन्याआधी नाही, सातव्या इनिंगच्या विश्रांतीत. तेव्हा ते अधिकृत राष्ट्रगीत नव्हतंच. तो दर्जा १९३१ मध्ये मिळाला. गायला अवघड, कारण पट्टा दीड सप्तकाचा: सुरुवात प-ग-सा-ग-प-सां, खालचा सा हाच सर्वांत खालचा सूर आणि टोक तार सप्तकातल्या पंचमावर. सा आपल्या गळ्याच्या अगदी तळाशी धरला नाही तर शेवटाआधी आवाज फाटणार.

१९६८च्या वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटला होसे फेलिसियानोने ते गिटारवर, स्वतःच्या ढंगात गायलं, तर देशभर गदारोळ झाला. २००१च्या हल्ल्यांनंतर सातव्या इनिंगमध्ये ‘गॉड ब्लेस अमेरिका’ची भर पडली, आणि २००४ मध्ये टोरोंटोच्या कार्लोस डेल्गादोने इराक युद्धाच्या निषेधार्थ त्याला उभं राहायचं नाकारलं. राष्ट्रगीताच्या वेळी निषेध म्हणून गुडघा टेकणारा मोठ्या लीगमधला पहिला बेसबॉलपटू ओकलंडचाच: कॅचर ब्रूस मॅक्सवेल, २३ सप्टेंबर २०१७, कोलिझियममध्येच. तेव्हा राजकारण ‘शिरलं’ म्हणणं बरोबर नाही. गाणं सुरू झालं त्या दिवसापासून ते होतंच. तुम्ही प्रेक्षक असाल तर उभं राहण्याचा संकेत संघराज्याच्या कायद्यात लिहिलेला आहे, पण न पाळल्यास शिक्षा नाही.

बेंचवरचा

युनियनचं कोणीच लिहिलं नाही, आणि ओकलंडचा खरा वारसा तोच आहे. कर्ट फ्लड वेस्ट ओकलंडच्या मॅक्लिमंड्स हायस्कूलचा. १९६९ मध्ये सेंट लुइसने त्याला परस्पर फिलाडेल्फियाला देऊन टाकलं, त्याने जायला नकार दिला आणि खटला लढवला. कराराची मुदत संपली तरी खेळाडू संघाचाच, असं ‘रिझर्व्ह क्लॉज’ सांगत असे. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५-३ ने हरला. त्याची कारकीर्द संपली, पण दहा वर्षं मोठ्या लीगमध्ये आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारता येते, हा नियम लगेच १९७३च्या करारात आला.

पुढची फटही एजमधूनच पडली. मालक चार्ली फिन्लीने पिचर कॅटफिश हंटरच्या नावाने भरायचे ५०,००० डॉलर भरले नाहीत. डिसेंबर १९७४ मध्ये लवाद पीटर साइट्झने करार मोडला असं ठरवून हंटरला मोकळं केलं. वर्षभराने त्याच साइट्झने मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात रिझर्व्ह क्लॉजच खिळखिळा केला.

आज काय पाहायचं? खेळाडू मोठ्या लीगमधल्या सहा वर्षांच्या सेवेनंतर फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा, होतो, आणि सेवेचं एक वर्ष म्हणजे १७२ दिवस. म्हणून एखादा तयार तरुण खेळाडू हंगामाच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत खालच्या लीगमध्येच ठेवलेला दिसला, तर ‘अजून शिकतोय’ या कारणावर विश्वास ठेवण्याआधी दिवस मोजा. सहावं वर्ष थोडक्यात अपुरं राहिलं की संघाला तो आणखी एक हंगाम मिळतो.

नवखा_फलंदाज

सगळ्यांचे आभार. मग ओकलंडमध्ये राहिलेला संघ, बॅलर्स, हा या लोकांना चालतो का? चाहत्यांना शेअर विकले म्हणे.

बेंचवरचा

चालतो, पण डोळे झाकून नको. बॅलर्स २०२४ पासून वेस्ट ओकलंडच्या रायमोंडी पार्कात खेळतात, फ्लडच्याच भागात, आणि २०२५ मध्ये पायोनियर लीग ही त्यांची छोटी लीग जिंकले. चाहत्यांना खरोखर मालकीचा वाटा विकला ही चांगलीच गोष्ट. मात्र त्या पार्कालगतच्या वुड स्ट्रीटवरची बेघरांची मोठी वस्ती २०२३ मध्ये हटवली गेली, हे डाव्यांपैकी बरेच जण विसरायला तयार नाहीत.

पगाराचंही बघा. छोट्या लीगच्या खेळाडूंनी २०२२ मध्ये युनियन केली आणि २०२३च्या पहिल्या करारात ट्रिपल-ए, म्हणजे छोट्या लीगमधल्या सर्वांत वरच्या पायरीचं, किमान वार्षिक वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलर झालं. पायोनियर लीग मोठ्या संघांच्या छत्राखाली येत नाही, त्यामुळे हा करार तिथे लागू नाही.

रोखठोक

शेअरबद्दल एक भर. असा वाटा घेताना विचारायचं ते हे: मतदानाचा हक्क कोणत्या गोष्टींवर, संघ हलवण्यावर आहे का, आणि वाटा पुढे विकता येतो का. नफ्याची आशा नकोच. ती वर्गणी समजा. हॉवर्ड टर्मिनलच्या वेळी बंदर कामगारांची युनियन विरोधात आणि बांधकाम कामगारांच्या युनियन बाजूने होत्या, त्यामुळे ‘पुरोगाम्यांचं मत काय’ याला एकच उत्तर तिथे कधीच नव्हतं.

टिपरीवाला

आणि सामना बरोबरीत सुटला तर उठू नका. पायोनियर लीगमध्ये निकाल होमरनच्या (आपल्या षटकारासारख्या फटक्यांच्या) लढतीवर लागतो: दोन्ही संघांचा एकेक फलंदाज, प्रत्येकाला पाच चेंडू. सुपर ओव्हरची सवय असलेल्याला लगेच कळेल. त्या लढतीत पिच क्लॉकची कटकट नाही, चौथं आवर्तन बिनधास्त वाजवा.