विनफॉर्म्स: खिडकी ओढली की कंट्रोल एकेक करून मागनं येतात, स्मूद कसं करायचं?

वाळपई_डेव

नमस्कार मंडळी. चार दिवस एकाच गोष्टीवर अडकलोय म्हणून विचारतो, जरा सविस्तर लिहितो, अर्धवट सांगितलं तर तुम्हालाच परत परत विचारावं लागेल.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजू बिया खरेदी करणाऱ्या एका शेटसाठी मी डेस्कटॉप प्रोग्राम केलाय, सी शार्प, विनफॉर्म्स (विंडोजच्या खिडक्या आणि बटणं बनवायची मायक्रोसॉफ्टची लायब्ररी), डॉटनेट फ्रेमवर्क ४.८. मार्च ते मे सीझन असतो, केरी, मोर्ले, पर्ये बाजूची माणसं पोती घेऊन येतात, वजन घ्यायचं, पोत्याचं वजन वजा करायचं, दर लावायचा, पावती हातात द्यायची. मेन स्क्रीनवर डावीकडे एंट्रीचे रकाने, उजवीकडे दिवसभराच्या खरेदीचा १४ कॉलमचा ग्रिड म्हणजे तक्ता, खाली बटणांची पट्टी. एकूण ८२ कंट्रोल, म्हणजे रकाने, लेबलं, बटणं सगळं धरून, मोजून सांगतो.

शेट काय करतात, काट्याचं सॉफ्टवेअर बाजूला उघडं ठेवतात आणि माझी खिडकी कडेला धरून दिवसभर लहान-मोठी करत राहतात. आणि ओढली की बघवत नाही. लेबलं आधी सरकतात, टेक्स्टबॉक्स मागनं येतात, मध्येच पांढरं चमकतं, जुन्या जागेवर अक्षरांचा डाग राहतो आणि मग पुसला जातो, ग्रिड तर सगळ्यात शेवटी उडी मारून जागेवर येतो. काउंटरवरचा पीसी जुना आहे, ४ जीबी रॅम, मॉनिटर १३६६ बाय ७६८. माझ्या लॅपटॉपवर कमी जाणवतं पण आहेच.

कोड असा: फॉर्मच्या म्हणजे त्या खिडकीच्या रिसाइझ इव्हेंटमध्ये, म्हणजे माप बदललं की चालणाऱ्या कोडमध्ये, जुनी रुंदी आणि नवी रुंदी यांचा रेशो काढतो आणि लूप फिरवून प्रत्येक कंट्रोलचं लेफ्ट, टॉप, विड्थ, हाइट त्या रेशोने गुणतो. फॉर्मचं डबलबफर्ड (आधी मेमरीत रंगवून मग एकदम दाखवणं) ट्रू करून बघितलं, सस्पेंडलेआउट आणि रिझ्यूमलेआउट लूपच्या आधी-नंतर टाकून बघितलं, काय एक फरक नाही. आणखी एक गोष्ट, दहा-बारा वेळा ओढाओढी झाली की रकाने मूळ जागेवर येत नाहीत, ३-४ पिक्सेल इकडेतिकडे राहतात, आणि मिनिमाइझ करून परत उघडलं तर रकाने चक्क गायबच होतात. हे दोन्ही त्याच भानगडीतले आहेत का वेगळं काही आहे? फेब्रुवारी अर्धा झाला, सीझन तोंडावर आलाय, कोणी वाट दाखवली तर उपकार होतील.

वास्कोचा_व्हीबीवाला

त्याच भानगडीतलं आहे सगळं. व्हीबी ६ मध्ये आम्ही वर्षानुवर्षं असंच लिहायचो कारण तिथे अँकरच, म्हणजे कंट्रोल कुठल्या कडेला बांधायचा ते सांगायची सोयच, नव्हता, १९९८ सालचं ते, फॉर्म रिसाइझमध्ये हातानेच सगळं हलवावं लागायचं. तुझा कोड बघितल्यासारखाच डोळ्यासमोर येतो.

पहिलं मूळ समजून घे. विनफॉर्म्समध्ये प्रत्येक टेक्स्टबॉक्स, प्रत्येक बटण, अगदी लेबलसुद्धा विंडोजच्या दृष्टीने वेगळी खिडकी आहे, प्रत्येकाचं स्वतःचं हँडल म्हणजे विंडोजने दिलेला ओळखीचा नंबर, प्रत्येकजण स्वतःचं स्वतः रंगवतो. म्हणून फॉर्मचं डबलबफर्ड ट्रू केलंस तर फक्त फॉर्मची स्वतःची पाठ बफरमध्ये रंगते, मुलं, म्हणजे तिच्यावरचे कंट्रोल, आपापली रंगवतच राहतात. सस्पेंडलेआउटचंही तसंच, तो अँकर आणि डॉकचा (कडेला चिकटवून ठेवण्याचा) हिशोब थांबवतो, पण तू लेफ्ट बदललंस की खिडकी त्याच क्षणी हलते, तिला तो अडवत नाही.

आता तुझा लूप बघ. लेफ्ट लिहिलंस, एकदा हलली. टॉप लिहिलंस, परत हलली. विड्थ, हाइट, अजून दोनदा. ८२ गुणिले ४ म्हणजे ३२८ वेळा सेट-विंडो-पॉस (खिडकी हलवणारं विंडोजचं फंक्शन), आणि हे माउस एक पिक्सेल सरकला तरी. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर एका फ्रेमला साधारण १६ मिलीसेकंद मिळतात, त्यात हे बसणार कसं? त्यात पेंटचा मेसेज विंडोज सगळ्यात शेवटी देतं, रांगेत दुसरं काही नसेल तेव्हा, म्हणून माउस हलत असेपर्यंत बिचाऱ्या ग्रिडचा नंबरच लागत नाही आणि तुला तो उडी मारताना दिसतो.

निदान सेटबाउंड्स वापर, चारही आकडे एका कॉलमध्ये, ३२८ चे ८२ होतील. त्याच्याही पुढे जायचं तर विंडोजच्या युझर३२ लायब्ररीतली तीन फंक्शनं आहेत, बिगिन-डिफर-विंडो-पॉस, डिफर-विंडो-पॉस आणि एंड-डिफर-विंडो-पॉस. पहिल्याला किती खिडक्या हलवायच्यात तो आकडा द्यायचा, मग प्रत्येक कंट्रोलसाठी दुसरं बोलवून नवी जागा नुसती नोंदवून ठेवायची, आणि शेवटचं बोलवलं की सगळ्या एकदम जागेवर. यात लोक हमखास चुकतात ते सांगतो. दुसरं फंक्शन दर वेळी हँडल परत देतं आणि ते बदललेलं असू शकतं, तेच पुढच्या कॉलला द्यायचं, जुनं धरून बसायचं नाही, आणि शून्य आलं तर सगळं सोडून द्यायचं, शेवटचं बोलवायचंच नाही. एका गठ्ठ्यातल्या सगळ्या खिडक्या एकाच बापाच्या, म्हणजे एकाच पॅनेलवर किंवा फॉर्मवर बसलेल्या पाहिजेत, म्हणजे डाव्या पॅनेलचा गठ्ठा वेगळा, खालच्या पट्टीचा वेगळा. फ्लॅगमध्ये नो-झेड-ऑर्डर आणि नो-ॲक्टिव्हेट दोन्ही घाल, पहिला विसरलास तर कोण वर कोण खाली सगळी उलथापालथ होते. हलवून झाल्यावर लेफ्ट-टॉप प्रॉपर्टी विनफॉर्म्स स्वतःच अपडेट करतं, त्याची काळजी नको.

आणि या कंट्रोलांचा अँकर टॉप-लेफ्टच ठेव. नन केलं की ते एका जागी राहतील असं वाटतं पण तसं नाही, नन म्हणजे खिडकी जितकी वाढली त्याच्या निम्म्याने कंट्रोल सरकतो, मग तुझा हिशोब एकीकडे आणि त्याचा दुसरीकडे.

पिक्सेल सरकण्याचं कारण: तू मागच्या आकारावरून पुढचा काढतोस, दर वेळी पूर्णांक करताना थोडं कापलं जातं आणि ते साठत जातं. लोड इव्हेंटमध्ये प्रत्येक कंट्रोलची मूळ चौकट एका डिक्शनरीत ठेव, फॉर्मचा मूळ क्लायंटसाइझ (कडा सोडून आतलं माप) पण ठेव, आणि कायम त्या मूळ आकड्यावरूनच गुण. लोडमध्येच घे, कारण शेटच्या पीसीवर डिस्प्ले १२५ टक्क्यांवर असेल तर स्केलिंग तोपर्यंत झालेलं असतं. मिनिमाइझचं तर उघड आहे, मिनिमाइझ होताना रिसाइझ इव्हेंट येतो आणि क्लायंटसाइझ शून्य असतो, शून्याने गुणलं की रुंदी शून्य, मग तिला कितीही गुण, परत येत नाही. विंडोस्टेट मिनिमाइझ्ड असेल तर पहिल्याच ओळीत रिटर्न.

पणजी_चौदा

सरळ डब्ल्यूपीएफमध्ये (मायक्रोसॉफ्टचीच स्क्रीन बनवायची नंतरची लायब्ररी) जा, तिथे अख्ख्या खिडकीला एकच हँडल, आतलं सगळं फ्रेमवर्क स्वतः रंगवतं, ही कटकटच नाही.

वाळपई_डेव

बरोबर आहे तुमचं, पण पंधरा दिवसांत अख्खा प्रोग्राम परत लिहिणं माझ्याने होणार नाही, पावत्यांचे रिपोर्ट सगळे यातच आहेत. पावसात बघेन.

फोंड्याची_टेस्टर

मी दुसऱ्या बाजूने सांगते. मुळात सगळंच रेशोने ताणायचं कशाला? मी अशा स्क्रीन रोज तपासते आणि ही चूक खूप दिसते. वजनाच्या रकान्यात आकडे किती, जास्तीत जास्त सहा. खिडकी दुप्पट झाली म्हणून तो रकाना दुप्पट रुंद झाला तर त्या माणसाला काय मिळालं? उलट त्याचा हात आणि डोळा ज्या जागेला सरावलाय ती जागाच हलली. समोर शेतकरी पोतं घेऊन उभा आहे, शेट न बघता टॅब मारत आकडे टाकत असणार, त्यांना रकाना तिथेच पाहिजे जिथे काल होता.

एकेका कंट्रोलला विचार, तू ताणायचा, सरकायचा, का जागेवर राहायचा. तुझ्या स्क्रीनवर खरं ताणायची गरज एकाच गोष्टीला आहे, ग्रिडला. फार तर शेतकऱ्याचं नाव-गाव. म्हणजे डावं पॅनेल ठराविक रुंदीचं, डॉक लेफ्ट. खालची पट्टी डॉक बॉटम, तिच्यातली बटणं उजवीकडे अँकर. ग्रिड डॉक फिल, म्हणजे उरलेली सगळी जागा त्याची. ८२ पैकी सत्तर तरी हलणारच नाहीत, आणि जे हलत नाही ते चमकत पण नाही. फॉर्मला मिनिममसाइझ दे, म्हणजे त्याच्या खाली ओढताच येणार नाही. कॉलम टक्केवारीत वाटून पाहिजेच असतील तर टेबललेआउटपॅनेल आहे, पण एकात एक तीन-चार कोंबू नकोस, ते पण जड होतं.

वास्कोचा_व्हीबीवाला

ताईंचं म्हणणं माझ्यापेक्षा बरं आहे, आधी ते कर. माझं डिफरवालं त्यातून जे हलायचं उरेल त्याच्यासाठी ठेव.

वाळपई_डेव

देव बरे करो तुम्हा दोघांचं. काल रात्री बसून केलं. डावं पॅनेल स्थिर केलं, ग्रिड फिल, बटणं उजवीकडे. मूळ आकड्यावरून गुणणं आणि मिनिमाइझचा चेक टाकल्यावर सरकणं आणि गायब होणं दोन्ही बंद. अक्षरांचे डाग गेले.

पण अजून दोन गोष्टी. ग्रिड अडकत अडकतच मोठा होतो. आणि डाव्या पॅनेलमधली लेबलं हलत नाहीत तरी चमकतात, टेक्स्टबॉक्स नाही चमकत, फक्त लेबलं. हे मला कळतच नाही. आज सकाळी शेटच्या पीसीवर नेऊन बघितलं, तिथे ही लेबलं जास्तच जाणवतात.

फोंड्याची_टेस्टर

लेबलांचा बॅककलर ट्रान्स्परंट आहे का? आणि मागे काही इमेज आहे?

वाळपई_डेव

हो, दोन्ही. फॉर्मला बॅकग्राउंडइमेज आहे, सातेरीच्या देवळाचा फोटो, शेटनी स्वतः मोबाइलवर काढून दिलेला, लेआउट स्ट्रेच. पॅनेल आणि लेबलं पारदर्शक ठेवलीत म्हणजे देऊळ मागे दिसावं. त्यांची फार इच्छा होती म्हणून ठेवलाय, तो काढा असं मी त्यांना सांगू शकणार नाही.

वास्कोचा_व्हीबीवाला

सापडलं. काढायचा नाही, जागा बदलायची.

विनफॉर्म्समधलं ट्रान्स्परंट म्हणजे खरं पारदर्शक नव्हे. लेबल रंगवायच्या वेळी ते आपल्या बापाला सांगतं, माझ्या मागे तुझा जो तुकडा येतो तो इथे रंगव. इथे लेबलाचा बाप म्हणजे पॅनेल, तोही ट्रान्स्परंट, तो आपल्या बापाला सांगतो. फॉर्म मग मोबाइलचा तो अवाढव्य फोटो नव्या मापाला ताणून त्या लेबलाएवढा तुकडा काढून देतो. ताणून ठेवलेली प्रत तो जपून ठेवत नाही, प्रत्येक लेबलासाठी परत ताणतो. समज तीस लेबलं असतील तर माउसच्या एका हलण्याला तीस वेळा. टेक्स्टबॉक्सला स्वतःचा पांढरा रंग आहे, म्हणून तो शांत. लेबलं हलली नाहीत तरी चमकतात त्याचं कारण हेच.

बॅकग्राउंडइमेज काढ, पॅनेल आणि लेबलांना साधा ठोस रंग दे. फोटो एकदाच, प्रोग्राम सुरू होताना, पाहिजे त्या मापाचा छोटा बिटमॅप करून घे, ३२ बिट पी-ए-आर-जी-बी फॉरमॅटमध्ये, तो लवकर रंगतो. मग डाव्या पॅनेलच्या माथ्यावर पिक्चरबॉक्समध्ये बसव, साइझमोड नॉर्मल, ताणणं नाही. देऊळ रकान्यांच्या मागे अर्धवट झाकलेलं असण्यापेक्षा वर पूर्ण दिसेल, शेटना असं दाखवून बघ.

ग्रिडचं: डेटाग्रिडव्ह्यूचं डबलबफर्ड प्रोटेक्टेड आहे, बाहेरून दिसत नाही, म्हणून त्यावरून एक छोटा क्लास काढ आणि कन्स्ट्रक्टरमध्ये ट्रू कर. मग ऑटोसाइझकॉलम्समोड (कॉलमची रुंदी आपोआप ठरवायची सेटिंग) बघ, ऑलसेल्स असेल तर तो सगळ्या ओळी मोजत बसतो. रिसाइझबिगिनमध्ये नन कर, रिसाइझएंडमध्ये फिल कर.

म्हापसा_९०

एक शॉर्टकट: क्रिएटपॅराम्स (खिडकी बनवतानाची सेटिंग) ओव्हरराइड करून एक्स-स्टाइलमध्ये डब्ल्यूएस-ईएक्स-कंपोझिटेड घालायचा, ०x०२००००००, सगळी मुलं एकत्र बफरमध्ये रंगतात, चमकणं एका ओळीत बंद.

फोंड्याची_टेस्टर

लेबलं-बटणांच्या फॉर्मवर ठीक आहे, पण मोठा ग्रिड असलेल्या फॉर्मवर मी तपासलंय, ओढताना छान आणि स्क्रोल करताना रडकुंडीला आणतं. त्यांना दिवसभर स्क्रोलच करायचंय.

वाळपई_डेव

झालं! शेटच्या जुन्या पीसीवरच बसून बघितलं. कडेला धरून हळू ओढलं, जोरात ओढलं, ग्रिड माउसच्या बरोबर येतो, लेबलं जागची हलत नाहीत. ऑलसेल्सच होतं, तुम्ही म्हणालात तेच. काजूगराच्या ग्रेडचे दोन कॉलम, २४० आणि ३२० वाले, मी आपोआप मापाचे ठेवलेले, तिथे वेळ जात होता. आता त्यांना ठराविक रुंदी दिली.

देवळाचा फोटो वर लावला. शेट खुर्ची पुढे ओढून बराच वेळ बघत बसले, म्हणाले दीपस्तंभ आधी दिसतच नव्हता.

फक्त एक राहिलं, मॅक्सिमाइझचं बटण दाबलं तर कॉलम जुन्याच मापाचे राहतात, ओढल्यावर मात्र नीट होतात.

वास्कोचा_व्हीबीवाला

रिसाइझबिगिन आणि रिसाइझएंड फक्त माउसने ओढताना येतात, खिडकी नुसती हलवली तरी येतात, पण मॅक्सिमाइझच्या बटणाला येत नाहीत. फॉर्ममध्ये एक बूल (हो-नाही ठेवणारा व्हेरिएबल) ठेव, बिगिनमध्ये ट्रू, एंडमध्ये फॉल्स. साइझचेंज्डमध्ये तो फॉल्स असेल आणि मिनिमाइझ्ड नसेल तर तिथेच कॉलम परत मोजून घे. रिस्टोअरलाही तेच चालतं.

वाळपई_डेव

टाकलं, चाललं. उद्या एक्सई नेऊन बसवतो.