प्लायवर नुसती ताडपत्री नको

कुत्र्याच्या घरासाठी प्लायवर ताडपत्री ठोकली की छत झालं, असं काही जण सुचवतात. कृपया तसं करू नका. खिळ्यांच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि प्लाय कडेपासून फुगत जातो. आमच्याकडे हेच झालं. वरून सगळं ठीक, आत हात घातला तर बिचाऱ्याचं अंथरूण ओलंचिंब.

पन्हळी पत्रा घ्या. फुटाला 2 इंच उतार, तोही दाराच्या उलट दिशेला, आणि पत्रा भिंतींच्या 4 इंच तरी बाहेर. स्क्रू रबरी वायसर घालून पन्हळीच्या उंचवट्यावरच मारा, खोलगट भागातून पाणी वाहतं. पत्र्याखाली थर्माकोल हवाच, नाहीतर उन्हात आत भट्टी होते. पण तो खालून प्लायने झाका, कुत्रं कुरतडून गिळतं. छत बिजागऱ्यांवर उघडणारं केलंत तर साफसफाईही सोपी जाते.