तोंडाचा कॅन्सर: मॉर्फिन चालू असूनही मान-खांद्याचा ठणका जात नाही

थोरली: बाबांना गालाचा कॅन्सर. ऑपरेशन, रेडिएशन सगळं झालं, तरी परत आलाय. आता फक्त त्रास कमी ठेवायचा, असं डॉक्टर म्हणालेत. मॉर्फिनने गालाची आग बरीच आटोक्यात आहे, पण ऑपरेशनच्या बाजूची मान आणि खांदा सतत ठणकतो. मानेच्या मुळाशी एक जागा सुपारीएवढी कडक लागते. दाबली की कळ कानामागून थेट कपाळात जाते. बोलता येत नाही, म्हणून पाटीवर लिहितात, ‘गाठ वाढली का?’ मॉर्फिन वाढवून घ्यावं का? तेल लावून चोळलं तर चालेल?

वॉर्डातली ताई: चोळू नका. आधी ती जागा डॉक्टरांच्या बोटाखाली जाऊ दे. दाबल्यावर कळ लांब जाऊन उमटते, ते बहुधा आखडलेल्या स्नायूचं लक्षण. पण बहुधाच, गाठ नाही ना, हे तपासूनच ठरवायचं.

मी वेदनाशमन वॉर्डात नर्स आहे, असे पेशंट सारखे बघते. मानेतल्या गाठी काढताना खांद्याच्या स्नायूला जाणारी नस दुखावली की खांदा उतरतो, हात वर जात नाही, आणि सगळा भार बाकीच्या स्नायूंवर येतो. त्यात रेडिएशनने मान घट्ट झालेली. त्यात नाकातली अन्न द्यायची नळी असेल तर ती ओढली जाईल या धास्तीने माणूस मान एकाच बाजूला धरून बसतो. या दुखण्यावर मॉर्फिन अर्धवटच चालतं. नुसतं वाढवत गेलं तर गुंगी आणि बद्धकोष्ठ वाढतं, ठणका तिथेच. (पण आपल्या मनाने कमीही करू नका!)

स्नायूच निघाला तर ट्रिगर पॉइंट इंजेक्शनचं विचारा. त्या कडक जागी बारीक सुईने लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, देतात. काहींची मान लगेच सैल होते, काहींचं पुन्हा आखडतं आणि परत द्यावं लागतं. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल किंवा तिथे ट्यूमर असेल, तर आधी सांगायला हवं.

आजच्या आज एक करा: त्या बाजूचं कोपर उशीवर टेकवा, बसतानाही. लोंबणारा हात मानेला ओढत राहतो.

फिजिओ: ताईंशी सहमत. शेक द्यायचा तर डॉक्टरांना विचारून, कोमटच, आणि आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. ऑपरेशन-रेडिएशनच्या जागी कातडी बधिर असते, भाजलेलं कळत नाही. गाठीवर किंवा जखमेवर शेक नको. फेंटानिलची (मॉर्फिनसारख्याच वेदनाशामकाची, कातडीवर चिकटवायची) पट्टी लावत असाल तर तिच्या आसपासही नको, औषध भराभर अंगात जातं.

थोरली: पट्टी नाही, गोळ्या आहेत. पण गिळणं अवघड होत चाललंय. रात्रीची बारा तास चालणारी गोळी कुटून नळीतून दिली तर?

वॉर्डातली ताई: नाही, ती अजिबात कुटायची नाही. बारा तासांचा डोस एकदम सुटतो, श्वास मंदावू शकतो. आजच फोन करून नळीतून देता येईल असं पातळ औषध किंवा साधी गोळी लिहून घ्या. वेळा बदलतील, त्या कागदावर मागा.