चालायची जोडीदारीण बदलीच्या गावी गेली आणि माझं चालणं बंद पडलं – मदत हवी आहे

पायताण_सातारा

नमस्कार मंडळी. वय ४६, मुक्काम सातारा, नोकरी टेबलावरची. दोन वर्षं रोज पहाटे पावणेसहाला मी आणि आमच्या मागच्या गल्लीतल्या एक वहिनी अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला चालायला जायचो. रोज वरपर्यंत नाही, पण वाटेतल्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत नक्की. पाऊस, पाहुणे, वर्षअखेरीची कामं, काही आडवं आलं नाही. मला वाटायचं, चला, आपल्याला व्यायामाची सवय लागली.

जूनमध्ये वहिनींच्या मिस्टरांची रत्नागिरीला बदली झाली. पुढच्या सोमवारी मी एकटी निघाले, कोपऱ्यावरच्या दूधवाल्यापर्यंत गेले आणि दोन पिशव्या घेऊन परत आले. त्याला आता पाच महिने झाले. परवा बूट उचलले तर डाव्या बुटात पालीची अंडी!

काही केलं नाही असं नाही. मुलाने पावलं मोजणारं घड्याळ आणून दिलं. दहा हजार भरत नाहीत म्हणून रात्री साडेदहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "कुणी यायचं राह्यलंय का गं?" जिमचे तीन महिन्यांचे पैसे भरले आणि नऊ दिवस गेले. चारी बाजूंनी आरसे, आणि ट्रेडमिलवर मी सोडून सगळी मुलाच्या वयाची पोरं.

एकटीने चालायचं तर लोक थांबवून विचारतात, "आज एकट्याच?" एका काकांनी तर "घरी सगळं ठीक आहे ना?" असं विचारलं. दोघी असताना लोक बघत नसतील असं नाही, पण आमचं तिकडे लक्षच नसायचं.

मागच्या महिन्यात तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, काठावर आहात, चालणं सोडू नका. आता त्यांना कसं सांगू की ते सुटूनच गेलंय?

खरा प्रश्न हा की दोन वर्षं मी व्यायाम करत होते की नुसत्या गप्पा मारत होते? आणि आता एकटीने सुरू कसं करू? 'मनावर घ्या', 'इच्छाशक्ती हवी' हे घरात फुकट मिळतं, तेवढं सोडून सांगा.

मुक्काम_पोस्ट

ताई, राग मानू नका, पण हे सगळे शहरी लाड आहेत. उठायचं, बूट घालायचे, निघायचं. आमची आज्जी सरपणाला रोज चार कोस जायची, तिला कुठलं आलंय घड्याळ आणि जोडीदारीण.

झुंजुमुंजू

@मुक्काम_पोस्ट, आज्जी सरपणाला एकटी जायची का? आमच्याकडे तरी पाच-सहा जणी एकमेकींना हाका मारत निघायच्या. त्यातली एक आली नाही तर बाकीच्या तिच्या दारात. तुमच्या आज्जीला पाच जोडीदारणी होत्या, आणि चूल पेटवायची असल्यामुळे सुट्टीही नव्हती.

चष्मिष्ट

कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तुमचा पहिला प्रश्न. तुम्ही व्यायामच करत होता. शरीराला गप्पा मोजता येत नाहीत, ते चढ मोजतं. पण पहाटे उठवणारं इंजिन तुमच्यात नव्हतं, दोघींच्या मध्ये कुठेतरी होतं. हे कमीपणाचं नाही, माणूस असाच असतो.

१९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो कोह्लर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने नौकानयन क्लबातल्या गड्यांना वजन उचलायला लावलं. आधी एकेकट्याने, मग जोडीने एकच वजन. जोडीतला कमी ताकदीचा दमला की दोघांचंही थांबणार. तर तो कमी ताकदीचा गडी एकटा असताना जेवढा टिकायचा, त्यापेक्षा जोडीत जास्त टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं अडायला नको, ही टोचणी. दोघांत फरक थोडाफार असेल तर ती जास्त काम करते, फारच तफावत असेल तर माणूस नाद सोडून देतो. (जिममध्ये तुमचं जे झालं ते यातलंच असावं.) मला सांगा, तुमच्यात आधी उठणारं कोण होतं?

घड्याळाचं म्हणाल तर दहा हजार हा आकडा कुठल्या दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये यामासा कंपनीने पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव खपलं आणि आकडा जगभर चिकटला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांमध्ये पावलं नाहीत, मिनिटं आहेत. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल न लागेल असं चालणं किंवा तत्सम काही. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अटही त्यांनी काढली. तेव्हा येरझाऱ्या बंद करा, सासूबाईंना झोपू द्या.

आता करायचं काय? 'उद्यापासून चालेन' हे मनाला कळत नाही. 'दूध तापवून गॅस बंद केला की बूट घालणार आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाणार' हे कळतं. ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांवर असा प्रयोग झाला, तो २००२ साली छापून आला. व्यायाम कधी आणि कुठे करणार हे ज्यांनी आधी लिहून दिलं, त्यांच्यातल्या ९१ टक्क्यांनी त्या आठवड्यात तो केला. बाकीच्या गटांमध्ये, अगदी व्यायामाचे फायदे वाचायला दिलेल्यांमध्येसुद्धा, हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आतच होतं. प्रयोग एका आठवड्याचा होता हे खरं, पण तुमचा प्रश्न सध्या पहिल्या आठवड्याचाच आहे.

गवतीचहा

चष्मिष्ट सर, दंडवत. पण लोक काय म्हणतील याला तुम्ही एक ओळही दिली नाहीत, कारण तुम्हाला ते कुणी म्हणत नाही.

मी कल्याणची. सहा महिने एकटी चालते. पहिल्या आठवड्यात मलाही "काय, डॉक्टरांनी सांगितलं का?" सुरू झालं. मग हातात कापडी पिशवी घ्यायला लागले. रिकामी. पिशवी हातात असली की बाई कामाला निघालेली दिसते आणि कामाला निघालेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. नुसतं स्वतःसाठी चालणाऱ्या बाईचा हिशोब लोकांना लागत नाही. आता लोक सरावलेत, पण पिशवी राहिली. येताना कोथिंबीर आणते.

२०२४ साली लॅन्सेट गटाच्या वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं की २०२२मध्ये भारतातल्या प्रौढ बायकांपैकी ५७ टक्के आणि पुरुषांपैकी ४२ टक्के पुरेशी हालचाल करत नव्हते. हा फरक काय इच्छाशक्तीचा आहे? पहाटेची वेळ म्हणजे डब्याची वेळ, आणि डबा कुणाच्या नावावर असतो ते आपल्याला माहीत आहे.

पायताण_सातारा

सगळ्यांचे आभार. पिशवीची युक्ती वाचून एकटीच हसले.

@चष्मिष्ट, आधी उठणाऱ्या त्याच. साडेपाचला मिस्ड कॉल द्यायच्या आणि पावणेसहाला गेटशी उभ्या. त्यांना थंडीत ताटकळत ठेवायचं जिवावर यायचं, म्हणून मी उठायचे. तुमचा बर्लिनचा दमलेला गडी म्हणजे मीच.

पण मग आता थंडीत ताटकळणारं कुणी नाही, त्याचं काय?

झुंजुमुंजू

त्या रत्नागिरीत चालतात का हे विचारलंत का?

पायताण_सातारा

नाही हो. पाच महिन्यांत हे विचारलंच नाही. भाजीचे भाव विचारले, नवीन घरात पाणी किती वाजता येतं ते विचारलं.

चष्मिष्ट

विचारा. मिशिगन स्टेट विद्यापीठात हाच कोह्लरचा प्रयोग सायकलवर केला होता, जोडीदारीण समोर नाही, फक्त पडद्यावर. तरी बायका एकटीपेक्षा जास्त वेळ सायकल मारत राहिल्या. म्हणजे गेटशी उभं राहणारं माणूस रत्नागिरीत असलं तरी चालतं.

मुक्काम_पोस्ट

चला, म्हणजे आता मोबाइलवर बोलत चालायचं. रस्ता बघून चाला म्हणजे झालं.

पायताण_सातारा (तीन आठवड्यांनी)

हजेरी देते. वहिनींचंही बंदच पडलं होतं! त्यांनाही तिथे ओळखीचं कुणी नाही. साडेपाचचा मिस्ड कॉल आता मी देते, कारण त्या म्हणाल्या, "आता तुमची पाळी." त्या मांडवीच्या बाजूला, मी इकडे चढाला. फोनचं इयरफोन एकाच कानात घालते, दुसरा कान गाड्यांसाठी मोकळा (@मुक्काम_पोस्ट, नोंद घ्यावी).

एकवीसपैकी बारा दिवस झाले. मधे सलग चार दिवस बुडाले, मुलाचा ताप. पाचव्या दिवशी वाटलं, संपलं आता. तेव्हा चष्मिष्ट सरांनी व्यक्तिगत निरोपात लंडनचा अभ्यास सांगितला. तिथे ९६ लोकांना रोज एक नवीन गोष्ट करायला लावली होती. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ पुरतील तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. माझे एखादा नाही, चार होते. तरी गेले.

दुधाचं पातेलं उतरवलं की बूट, हे जमलंय. बूट आता उंच फळीवर ठेवते, पालीमुळे.

एका वळणावर रेंज जाते. सुरुवातीला तिथूनच मागे फिरायचे. आता पुढे जाऊन रेंज येईपर्यंत सात-आठ मिनिटं एकटीच चालते. परवा रेंज आली तरी फोन लगेच लावला नाही, सूर्य वर येत होता. वहिनी वैतागल्या, त्यांना वाटलं मी पडले की काय.

"आज एकट्याच?" म्हणणारे काका पुन्हा भेटले. मी कानाकडे बोट दाखवलं.

आता नवीन प्रश्न. त्या वळणाच्या पुढे तीन कुत्री असतात. भुंकत नाहीत, पण मागे मागे येतात. काठी न्यावी की बिस्किटं? पिशवी आहेच हातात.